ग्रीक नाटकातली मोलकरीण

काल गराज आवरताना कागदाच्या लगद्याचा जुना मुखवटा सापडला. त्याला अजून डिंकाचा वास होता, आणि मी मनानं थेट अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावी, मुक्ताच्या शाळेच्या हॉलमध्ये जाऊन बसले.

माझी मुक्ता तेव्हा सोळा वर्षांची होती. शाळेनं प्राचीन ग्रीक कॉमेडीच्या धर्तीवर गरीब-श्रीमंतांचं नाटक बसवलं होतं. मुक्ता त्यात हाच मुखवटा घालून मोलकरीण झाली होती. ड्रामा टीचर तिला म्हणाले, "इंडियन ॲक्सेंटमध्ये बोल, लोक हसतील."

मी तेव्हा किराणा दुकानात कॅश काउंटरवर होते. माझे उच्चार ऐकून गिऱ्हाइकं हसायची. तरीही मी म्हणाले, "बोल की, नाहीतर रोल जाईल."

"नो, आई. तू तशी बोलतेस. त्यावर मी कुणाला हसू देणार नाही."

तिनं टीचरनाही तेच सांगितलं. रोल टिकला.

प्रयोगात ती तिच्या नेहमीच्या उच्चारांत मालकाला म्हणाली, "पैसा तुमचा, मग घाम माझाच का?" हॉल खदखदून हसला, मालकावर.

तोवर मला तो पोरीचा हट्ट वाटला होता. ती माझ्यासाठी भांडली, हे त्या हशात कळलं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी मला विचारलं, "कोण ही मुलगी?"

मी माझ्याच उच्चारांत, मोठ्यानं म्हणाले, "माय डॉटर!"