व्यायला आलेली कालवड आणि पॉप

२०२२ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, पण गुराढोरांतलं मला शिकवील असा माणूस काही भेटला नव्हता. त्या उन्हाळ्यात लेकीकडे अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी गेलो. गाई व्यायला का अडतात याचा ती विद्यापीठात अभ्यास करायची, त्यासाठी गोठ्यागोठ्यांतून फिरायची.

त्यातला एक गोठा तिच्या फार आवडीचा. मालक माझ्याच वयाचा गोरा म्हातारा. त्याला ती ‘पॉप’ म्हणायची.

“तिथं सगळेच म्हणतात, आबा.”

म्हणेनात का. पॉप म्हणजे बाप, एवढं इंग्रजी मला कळतं. जेवताना हिचं ‘पॉप असं म्हणाला’, गाडीत ‘पॉप तसं म्हणाला’. धार काढायला तिला शिकवलं मी, आणि कौतुक त्याचं.

“त्याच्याकडे गाय क्वचितच अडते.”

“नशीब असेल.”

“नशीब नाही आबा, मॅनेजमेंट.”

एका दुपारी मला घेऊन गेली. पहिलारू कालवड वेगळ्या खणात, गुडघाभर पेंढ्यावर, बिनदाव्याची. वासराचे पुढचे खूर दिसत होते. मी बाह्या सरसावल्या.

“दोरी आण.”

“टच करू नका. थांबायचं.”

“गुदमरेल ते! आपण खूर दिसले की माणसं लावून ओढतो.”

“माहितीये. म्हणूनच थांबा.”

पॉप उलट्या बादलीवर बसून सफरचंद खात होता. मला फोड दिली, मी घेतली नाही. मला दात नाहीत असं वाटून त्यानं ती बारीक चिरून पुढं केली. मग तर मुळीच घेतली नाही.

तो बोलायचा, लेक मराठीत सांगायची. पहिलारूला लहान वासरं देणाऱ्या वळूचंच बीज भरायचं. गाभण जनावर मोकळं फिरवायचं, माजू द्यायचं नाही. चरबीनं वाट अरुंद होते. लक्ष ठेवायचं, आणि बराच वेळ काही पुढं सरकलं नाही तरच हात घालायचा.

मी कालवडीकडेच बघत राहिलो. गावी माझी पहिलारू शेवटच्या महिन्यात होती. दाव्याला बांधलेली, पाटीभर पेंड खाणारी, आणि पोटात दांडग्यातल्या दांडग्या वळूचं वासरू. तो वळू निवडला म्हणून मी गावभर मिरवलो होतो.

इतक्यात नाक दिसलं, डोकं आलं आणि वासरू पेंढ्यावर घसरलं. शिंकलं. लेकीनं पॉपच्या हातावर टाळी दिली. शेजारी बाप उभा होता, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पॉपनं विचारलं, तुमच्याकडे कसं करता?

“असंच,” मी म्हणालो.

“आबा?”

“असंच म्हणून सांग.”

तिनं सांगितलं. म्हातारा उठला, हात पँटला पुसून त्यानं माझा हात हातात घेतला, जुना सोबती भेटल्यासारखा. माझ्या अंगाची आग आग झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी गावी मुलाला फोन लावला. तिकडे संध्याकाळच्या धारा चालल्या होत्या.

“कालवडीचं दावं सोड, परड्यात फिरू दे. पेंड कमी कर. आणि व्यायला लागली की खूर दिसल्या दिसल्या वासरू ओढायचं नाही, आधी डॉक्टरला बोलव.”

“हे कुणी सांगितलं, आबा?”

“कुणी कशाला सांगायला पाहिजे? मला कळत नाही?”

स्वयंपाकघरातून लेक ओरडली, “दादा, पॉपनं सांगितलं!”

मी फोन कानाला घट्ट दाबला. “आवाज नीट येत नाही,” म्हटलं, “दावं सोडलंस का तेवढं सांग.”