झालं, जेवण झालं

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘कोणत्याही शाखेची पदवी’. माझ्याकडे वनस्पतिशास्त्राची होती. लोणंदच्या आमच्या आळीत त्या पदवीचं पुढं काय होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, खरं तर मलाही नव्हतं. आयटीआय केलं की कारखाना, डी.एड. केलं की शाळा, एवढे रस्ते आमच्याकडे माहीत होते. शेजारी विचारायचे, तेव्हा कांद्याच्या मार्केटात हमाली करणारे माझे वडील एवढंच म्हणायचे, “शिकतंय अजून.” ते स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. ‘कोणत्याही शाखेची’ हे दोन शब्द ज्यानं कुणी त्या जाहिरातीत घातले, त्याचे उपकार मी अजून मानतो.

तलाठी म्हणून निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी मार्केटातल्या हमालांनी पेढे वाटले. कुणीतरी पोत्यांच्या थप्पीवर मला बसवलं आणि म्हणालं, “साहेब, आता सातबारा काढायला आमास्नी रांगेत थांबवू नका म्हंजे झालं.” सगळे हसले. वडीलही हसले आणि म्हणाले, “चला साहेब, घरला.” मी आपलं थट्टेवारी नेलं.

पण ती थट्टा राहिली नाही. दुसऱ्या दिवशीही ते ‘साहेब’च म्हणाले. तिसऱ्या दिवशी ‘चहा घ्या’ म्हणाले. तोवर आमच्या घरात मला कुणी ‘घ्या’ म्हटलेलं नव्हतं. ‘काय रं’, ‘कुठं हाईस रं’, ‘गप रं’, असं ‘रं’ लावूनच मी वाढलो. वडिलांनी जन्मभर अडत्यांना, ड्रायव्हरांना, खिडकीपलीकडच्या प्रत्येक माणसाला साहेब म्हटलं होतं. तो शब्द उच्चारताना त्यांची मान थोडी खाली जायची, ते मी लहानपणापासून बघत आलो होतो. आता ती माझ्यापुढंही खाली जायला लागली. तसं करू नका, असं सांगायचं फार मनात यायचं. पण त्यांना त्याचा केवढा अभिमान वाटतो हेही दिसत होतं, आणि तो हिरावून घ्यायचा कसा, हे कुठल्या शाखेत शिकवत नाहीत.

नेमणूक मिळाली ती सांगली जिल्ह्याच्या टोकाला, जतच्या पूर्वेला. लोणंदहून रेल्वेनं मिरज आणि तिथून एसटी. गावात अर्धी माणसं घरात कन्नड बोलतात. मी कार्यालयात शिरलो की चाललेलं बोलणं थांबायचं, मग मराठीत सुरू व्हायचं, पण ते कामाचं असायचं. माझ्या पदाचं सरकारी नाव आता बदललंय, तरी लोकांच्या तोंडी तलाठीच आहे, आणि समोर असला की ‘भाऊसाहेब’. माझं नाव त्या गावात कुणी घेत नव्हतं. एकदा कुरियरवाल्यानं पाकिटावरचं वाचून मोठ्यानं हाक मारली, तर ती आपल्यालाच आहे हे कळायला मला क्षणभर लागलं.

प्रशिक्षणात एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यानं बजावलं होतं, गावात कुणाच्या घरी जेवू नकोस. आज ताटावर बसलास की उद्या त्याच्या बांधाच्या भांडणात तुझं तोंड बंद. सल्ला चांगला होता. अडचण अशी, की तिकडं माणूस भेटला की पहिलं विचारतात, “ऊटा आतेनरी?” म्हणजे जेवण झालं का. मी लगेच म्हणायचो, “झालं, जेवण झालं.” कधी सकाळपासून चहावर असायचो, तरी झालंच. मग खोलीवर येऊन खिचडी लावायचो आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत वडिलांना फोन करायचो. ते विचारायचे, “साहेब, जेवलासा का?” त्यांनाही मी तेच सांगायचो.

खोलीची मालकीण म्हातारी होती, कन्नडच बोलायची, लागलं तर मोडकं मराठी. तिच्या बोलण्यातला ‘री’ हा आपल्या ‘आवं’सारखा मानाचा, हे मला हळूहळू कळलं. मला ती ‘आतेनरी’ विचारायची, गावातल्या पोरासोरांना मात्र ‘आतेनो’. तो ‘नो’ कानावर पडला की मी थबकायचो. तिकडचा ‘रं’च तो.

पहिल्या दिवाळीआधी वडील मला भेटायला आले. कार्यालयात गर्दी होती, सर्व्हर बंद पडलेला, लोक वैतागलेले. मान वर केली तर दारात वडील उभे होते. चपला बाहेर काढलेल्या, टोपी हातात. म्हणाले, “साहेब, येऊ का आत?”

लोक बघत होते. मी उठलो, समोरची खुर्ची पुढं केली. ते खुर्चीवर बसले नाहीत. भिंतीकडेच्या बाकावर, दाखले घ्यायला आलेल्यांच्या शेजारी बसले आणि माझं काम संपेपर्यंत तिथूनच माझ्याकडं बघत राहिले. फार खुशीत होते. मला मात्र त्या टेबलाएवढं रुंद दुसरं काही आयुष्यात दिसलं नव्हतं.

संध्याकाळी खोलीवर आलो. म्हातारी अंगणात ज्वारी पाखडत होती. वडील मला म्हणाले, “साहेब, तुमी बसा, पाणी मी आणतो.” म्हातारीचं सूप थांबलं. तिनं मला विचारलं, हे कोण. वडील, म्हणालो. ती वडिलांकडं वळली.

“पोराला साहेब म्हणतंय काय कोण? घरात बी हापिसच लावलाय की तुमी.”

वडील ओशाळून हसले. म्हणाले, “मान द्यावा लागतो, आज्जी. आमच्यात कोण न्हवतं असं झालेलं.”

तिला ते पटलं नाही. सूप पुन्हा हलवत, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, “ऊटा आतेनो?”

मी झालं म्हणालो नाही. तिनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणून ठेवली, आणि आम्ही बापलेक उंबऱ्याशी बसून जेवलो. दुसऱ्या दिवशी एसटीत बसताना मात्र वडील कंडक्टरला ऐकू जाईल असं म्हणालेच, “येतो, साहेब.” बस गेली आणि मी कार्यालयाचं कुलूप काढायला वळलो.

त्यानंतर काही दिवसांनी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मार्केटातूनच केला होता, मागं ट्रकचे हॉर्न. “साहेब, बरं हाय का?” म्हणाले. मग हॉर्नचा आवाज लांब गेला, ते चालत कुठंतरी बाजूला गेले असावेत.

“जेवलास का रं?”

खोलीत मी एकटाच होतो. खिचडीचे तांदूळ अजून धुवायचे होते.

“न्हाई अजून,” मी म्हणालो.

“मग फोन काय धरून बसलायस? ऊठ.”