मटण, मंडई आणि टी प्लस वन

मी आयुष्यात एकच शास्त्रीय प्रयोग केला आणि त्यात आमच्या मंडईचे मटण अडकले.

आमचे गाव पवनीपासून सायकलच्या अंतरावर आहे आणि आमच्याकडे दिवाळीपेक्षा मंडई, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा, मोठी. दिवाळीत फटाके वाजवले नाहीत तर कोणी लक्षात ठेवत नाही. मंडईला पाहुण्याची वरण-भातावर बोळवण केली, तर त्याची नातवंडेसुद्धा ते विसरत नाहीत. या वर्षी मंडई नेमकी भाऊबीजेला आली. म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा, थोरला भाऊ दिवाकरदादा लाखांदूरहून येणार, ओवाळून घेणार आणि मटणाला पुरेपूर न्याय देणार, हे ठरलेले. त्यासाठी सुनंदाने वर्षभर ब्लाउज शिवून नऊ हजार रुपये बाजूला ठेवले होते.

मी पवनीच्या शाळेत गणित शिकवतो. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तेव्हा शेअरचे वारे शिरले होते. कोणते ॲप चांगले, यावर रोज खडाजंगी. एक म्हणे माझ्याकडे दलाली शून्य, दुसरा म्हणे माझ्याकडे पैसे झटपट, तिसरा म्हणे माझे ॲप बँकेचे, भारदस्त! ज्याने चार शेअर घेतले तोही 'माझा पोर्टफोलिओ' म्हणू लागला. (त्यातल्या एकाचा पोर्टफोलिओ त्याच्या डब्यातल्या भाजीपेक्षा स्वस्त होता.) हा थाट मला सहन होईना. म्हटले, वाद कशाला? मोजून पाहू. घरी येऊन मी सुनंदाकडे ते नऊ हजार मागितले.

"कायले पाह्यजेत?"

"प्रयोगाले. तीन ॲपमंदी तीन-तीन हजार टाकतो. शेअर घेतो अन् एकाच दिवशी इकतो. कोणाचे पैसे आधी येतात, कोण किती कापते, ते पाहू. मंडईच्या आधी पैसे तुह्या हातात!"

"अन् नाई आले त?"

"कसे नाई येणार? टी प्लस वन!"

"हे टी का असते?" कोपऱ्यात लसूण सोलणाऱ्या आईने विचारले.

"ज्या दिवशी सौदा झाला, तो दिवस. त्यात एक मिळवला का पैसे जमा."

"मंग उद्या म्हण ना! उद्याले इंग्रजी कायले लावून राहिला?"

तुलना निष्पक्ष व्हावी म्हणून मी तीन नावांवर तीन खाती काढली. बँकेचे ॲप माझ्या नावावर, शून्य दलालीचे सुनंदाच्या आणि झटपट पैसेवाले आईच्या. आईचे खाते उघडायला तीन दिवस लागले. माणूस जिवंत आहे याची खात्री करायला फोन म्हणे, कॅमेऱ्याकडे पाहून डोळे मिचकावा.

"ह्या वयात परक्या माणसाले डोळा मारू?"

"आई, तिथं माणूस नाई. मशीन आहे."

"मशीनले त मुळीच नाई!"

शेवटी मी फोन समोर धरला आणि सुनंदाने कांदा चिरला. आई जिवंत असल्याचे सिद्ध झाले.

आईच्या माहेरची बैलजोडी एकेकाळी शंकरपटात पळायची, त्यामुळे तिला हा प्रकार फार लवकर कळला. "म्हणजे हा पट आहे! तीन जोड्या सोडाच्या, अन् पहिले कोण येते ते पाहाचं." तिने लगेच नावेही ठेवली. बँकेचा तो सरजा, शून्य दलालीचा तो फुकट्या आणि तिचा स्वतःचा पाखऱ्या. सुनंदाने फुकट्यावर श्रद्धा ठेवली, कारण त्याच्या नावातच बचत होती.

नमुना मोठा असावा म्हणून मी प्रत्येक ॲपमध्ये पाच-पाच कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेतले. मंडईच्या आठ दिवस आधी विकायचे ठरले होते, पण भाव जरा खाली होते. शास्त्रज्ञ असलो तरी तोट्यात कसे विकणार? उद्या विकू, परवा विकू, करता करता लक्ष्मीपूजन उजाडले आणि कळले की आज बाजार बंद आहे. फक्त दुपारी एक तास उघडेल, तोही मुहूर्तापुरता!

मी वर्गात दर वर्षी मुहूर्ताविरुद्ध एक भाषण करतो. तोच मी घरात तीन फोन मांडून मुहूर्ताची वाट पाहत बसलो.

"अवो, मुहूर्तावर लोक घेतात," सुनंदा रांगोळी टाकता टाकता म्हणाली, "तुमी इकून राहिले!"

विकताना प्रत्येक फोनवर ओटीपीचा आकडा येई आणि तो ॲपमध्ये भरावा लागे. आई आकडे वाचे, पण चष्म्याशिवाय. तिसऱ्या खेपेला तिने मला विजेच्या बिलाचा आकडा दिला. तास संपायला चार मिनिटे असताना शेवटचा शेअर विकला गेला आणि आई ओरडली, "सुटल्या!"

मग हिशेब उघडला. फुकट्याची दलाली खरोखरच शून्य होती. फक्त विकताना प्रत्येक कंपनीमागे एक ठरलेले शुल्क कापले होते. एक शेअर विका नाहीतर हजार, शुल्क तेवढेच. सरजा आणि पाखऱ्या यांचीही तीच रीत. पाच कंपन्या, तीन ॲप! गणिताच्या शिक्षकाने ते शुल्क पंधरा वेळा भरले होते.

"फुकट्यानं फुकटातच लुटलं बापा!" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पाडवा. मी सकाळपासून फोन पाहत होतो. दुपारी ध्यानात आले की पाडव्यालाही बाजार बंद असतो आणि टी प्लस वनमधला तो वन फक्त कामाचा दिवस मोजतो. म्हणजे पैसे गुरुवारी ॲपमध्ये येणार, तेही संध्याकाळी. तिथून बँकेत शुक्रवारी. आणि मंडई होती गुरुवारी सकाळी, पगार तर दिवाळीच्या खरेदीतच संपलेला!

हे मी सुनंदाला सांगितले. तिने पाडव्याच्या दिवशी शिलाई मशीन उघडले आणि ती ब्लाउज शिवायला बसली. आमच्या घरात याहून वाईट काही होत नाही.

"पटात जोडी सेकंदात पोचते," आई म्हणाली. "तुह्या जोड्या कालपासून सुटाच्या रेघेवरच उभ्या."

गुरुवारी सकाळी मी मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर फोन पुढे केला. "पैसे वाटेत आहेत. हे पाहा, लिहून आहे इथं."

दुकानदाराने ते वाचले. "गुरुजी, बोकडही वाटेतच आहे. तुमचे पैसे आले का तोही येते."

रिकामी पिशवी घेऊन मी मागच्या दाराने घरात शिरलो, तर दिवाकरदादा नुकताच एसटीतून उतरून आला होता. सुनंदाने त्याला पाणीही दिले नाही. पाट टाकला आणि ताट घेऊन उभी राहिली.

"बस दादा. आधी ओवाळते."

"आधी चहा त पाज वो बाई! इतकी घाई काहून?"

"मुहूर्त आहे!" सुनंदा म्हणाली आणि तिने माझ्याकडे असे पाहिले की मी भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागलो.

दादाचा हात मोठा. त्याने ताटात चांगल्या पाचशेच्या आठ नोटा टाकल्या. सुनंदा ताट घेऊन आत गेली. मिनिटभरात त्या नोटा, पिशवी आणि मी असे तिघे मागच्या दाराबाहेर होतो.

जेवताना दादा खुलला. "जवाईबापू, मटण एक नंबर आणलं!"

"आणलं त्यानं," आई प्रेमाने म्हणाली, "पैसे तुह्येच आहेत बापा."

दादाचा हात ताटात थांबला. सगळा प्रकार सांगावा लागला; ॲप, मुहूर्त, पाडवा, टी प्लस वन, सगळे.

"म्हणजे मी माहंच मटण खाऊन राहिलो?"

"नाई दादा," सुनंदा म्हणाली. "ओवाळणी ताटात पडली का ती माही. तू माहं मटण खाऊन राहिला."

दादाने यावर विचार केला, त्यात त्याला काही खोट सापडली नाही आणि त्याने वाटी पुढे केली.

शुक्रवारी पैसे आले. आधी सरजा, मग पाखऱ्या, दुपारी फुकट्या. जल्लोष करायला कोणीच नव्हते. पटाचा निकाल लागला तेव्हा आई झोपली होती. सुनंदाने नऊ हजारांतून घटलेली रक्कम माझ्या पुढच्या पगारातून मागून घेतली, हप्ते न पाडता.

निघताना दिवाकरदादाने मला बाजूला घेतले. "जवाईबापू, माहंही एक खातं काढून द्या ना."

मला भरून आले. "कोणत्या ॲपमंदी?"

"ज्याचे पैसे सगळ्यात उशिरा येतात त्याच्यात. पुढच्या भाऊबीजेले सुनंदा ताट घेऊन आली का सांगीन, ओवाळणी टाकली आहे बाई, टी प्लस वन!"

मी त्याला तिथेच फुकट्याचे खाते काढून दिले. वीस वर्षे शिकवतो आहे. मी शिकवलेले डोक्यात ठेवून ते वापरायला निघालेला हा पहिलाच विद्यार्थी.