आईची मेंढी

आई गेली तेव्हा तिची एक मेंढी मागे राहिली. जन्मतःच पोरकं झालेलं ते कोकरू आईने बाटलीवर वाढवलं होतं, त्यामुळे कळपात कमी आणि चुलीपाशी जास्त असायचं. आईच्या माघारी ती मेंढी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मागेमागे हिंडू लागली. आबा कुणाशी फारसं बोलत नसत. तिच्याशी मात्र बोलत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या पावसाळ्यात आटपाडीकडे चिलटांचा सुळसुळाट झाला आणि पाठोपाठ मेंढरं आजारी पडू लागली. आमच्या एका मेंढीचं तोंड सुजलं, जीभ निळी पडली, ती लंगडू लागली. आबांनी रीतीप्रमाणे तिच्या कानाला चिरा देऊन काळं रक्त काढलं. मग रोग पुढे जाऊ नये म्हणून त्याच पात्याने धडधाकट मेंढरांचेही कान चिरले. आईची मेंढी मुकाट्याने उभी राहिली, वर त्यांचा हात चाटत होती.

आठवडाभरात तिचंही तोंड सुजलं. आबा तिला खांद्यावर टाकून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, सावलीत ठेवा, पातळ खाऊ घाला. आबा तुरटीच्या पाण्याने तिचं तोंड धूत, बोटाने आंबील चाटवत. ती गेली त्या दिवशी ते हमसून हमसून रडले. आईच्या वेळी आम्हाला सावरण्यात त्यांचं रडायचं राहूनच गेलं होतं. मला तर आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

पुढे सांगलीच्या कॉलेजात मी त्या निळ्या जिभेच्या रोगाचा विषाणू शिकले. रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं, त्या पेशींना तो चिकटतो आणि पेशीच त्याला आपला घास समजून आत ओढून घेते. आत तो वाढतो, पेशी मरतात, वाहिन्या झिरपू लागतात. जीभ, फुफ्फुसं, खूर, सगळीकडे तेच. सुट्टीत घरी आल्यावर मी हे मोठ्या तोऱ्यात आबांना सांगितलं. आपण काही करण्यासारखं नव्हतंच, हे कळून त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी रगतातनं पसरतोय व्हय ह्यो?"

मला तेव्हा कुठे ते पातं आठवलं. मी घाईघाईने म्हणाले, "चिलटांनी आणला आबा. ती सगळ्यांनाच चावत हुती."

"आजारी मेंढीमागनं पयला तिचाच कान चिरला म्या," आबा म्हणाले. "पातं पुसलंबी न्हाई. तुझ्या आईची, म्हणून तिला पयली घेतली."