कुकर उतरला की बाजू बदलायची

आमच्या माहेरी रविवारी मटण शिजेपर्यंत वाद घालायची पद्धत आहे. भांडण नव्हे, वाद. माझे वडील, म्हणजे अण्णा, शाळेत पीटी शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या मॅचला पंच म्हणून उभे राहायचे. कोल्हापुरात दोन पेठांच्या मॅचला पंच होणं म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या खाणं, पण त्यांनी ते हौसेनं केलं. घरातल्या वादालाही त्यांनी मैदानाचे नियम लावले. विषय एक, बाजू दोन, आणि मटणाचा कुकर गॅसवरून उतरला की हाफटाइम. हाफटाइमला संघ गोलपोस्ट बदलतात, तशा आम्ही बाजू बदलायच्या. आतापर्यंत जे म्हणणं झोडपून काढलं तेच आता आपलं म्हणून लढवायचं, आणि तेही मनापासून. अंग चोरून खेळलेलं अण्णांना चालत नाही. तांबड्या रश्श्यावर तवंग आला की खेळ संपला. निकाल आई देते आणि जिंकणाऱ्याच्या ताटात नळी वाढते.

माझं सासर गावातच आहे, त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझा रविवार माहेरीच जातो. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि शिकवणाऱ्या माणसाला वाद घालायला कारण लागत नाही. पण ज्या रविवारची गोष्ट सांगते आहे, त्या दिवशी मी वाद घालायला गेले नव्हते. मी अण्णांची स्कूटर बंद करायला गेले होते.

अण्णा पंच्याहत्तरी ओलांडलेले, आणि त्यांची स्कूटर जुनी, गिअरची, उजव्या पायाखाली ब्रेक असलेली. सकाळी उठून तिच्यावरून मैदानावर जायचं, पोरांची प्रॅक्टिस बघायची, त्यांना फुकटचे सल्ले द्यायचे, मग जुन्या शिक्षकांबरोबर चहा आणि येताना भाजी, असा त्यांचा दिवस. आधी एकदा आरसा फुटून आला. मागच्या पौर्णिमेला कुणाला न सांगता ते थेट नृसिंहवाडीला जाऊन आले. आणि त्या रविवारच्या आदल्याच आठवड्यात कोपर सोलून घरी आले. "एक पावणं मधीच आलं," म्हणाले, आणि हळद लावून पेपर वाचत बसले. आईनं मला फोन केला. "तूच सांग बाई. माझं बोलणं म्हंजे त्यांना चालू ठेवलेला रेडिओ."

मी आधीही सांगून बघितलं होतं. अण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं. "आजवर काय झालंय का?" या प्रश्नापुढे काय बोलणार? काही झालं नव्हतं हे खरंच होतं.

तर मी ठरवलं होतं, जेवण झालं की विषय काढायचा आणि किल्ली घेऊनच निघायचं. पण माझी लेक तिचाच विषय घेऊन आली होती. ती इंजिनिअरिंगला आहे. तिच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. माणसं नेणारी ती जुनी अवकाशयानं, पंखवाली, पुन्हा पुन्हा वापरायची, ती बंद केली ते बरोबर की चूक, आणि अंतराळस्थानकांचं पुढं काय करायचं, असा विषय. कुठली बाजू मिळेल ते आयत्या वेळी कळणार होतं, म्हणून तिला दोन्हीकडून सराव हवा होता. त्यासाठी आमच्या माहेरच्या स्वयंपाकघराइतकी सोयीची जागा नाही.

अण्णांनी "बंद करायला नको होती" ही बाजू घेतली. "पण आधी मला ते यान समजू दे," म्हणाले. "न बघितलेल्या खेळाडूबद्दल मी बोलत न्हाय."

मग आमची शिकवणी सुरू झाली. यान वर जाताना मोठी टाकी आणि दोन बूस्टर घेऊन जातं, आणि येताना एकटंच येतं, हे मी पोळपाट, लाटणं आणि दोन वांगी मांडून दाखवलं. आईनं लगेच वांगी परत मागितली. उतरताना इंजिन चालू नसतं, ते नुसतं तरंगत खाली येतं, हे ऐकल्यावर अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

"म्हंजे न्यूट्रलमधी?"

"तसंच म्हणा."

"घाटातनं न्यूट्रलमधी गाडी सोडल्यागत?"

"हो, आणि चुकलं तर परत वर जाऊन दुसऱ्यांदा प्रयत्न करता येत नाही," लेक म्हणाली.

अण्णांना हे फार आवडलं. "आयला, मग चालवणारा दमदार पायजे," म्हणाले. त्यांना अजून खूप काही विचारायचं होतं. स्थानकात झोपताना खाली-वर कसं ठरवतात? दीड तासात पृथ्वीला एक फेरी, म्हणजे दिवसात इतके सूर्य उगवतात, मग उपास कुठल्या सूर्याला सोडायचा? तिथं फुटबॉल खेळला तर पंचानं उभं राहायचं कुठं? मी वर्गात मुलांना हाच धडा कितीतरी वेळा शिकवला, पण असे प्रश्न मला कुणी विचारले नव्हते. मला मजा यायला लागली आणि मी कशासाठी आले होते ते थोडा वेळ विसरून गेले.

मग अण्णांनी बाजू मांडली. यानं शंभरावर वेळा जाऊन आली. स्थानकाचे मोठमोठे भाग त्यांनीच वर नेले. "एवढं वझं वाहिलेलं जनावर तुम्ही दोन ठेचांसाठी घरी बसवता?"

लेकीनं हात वर केला. "ठेचा नव्हेत, आजोबा. पाचांतली दोन यानं परत आली नाहीत. त्यातली माणसंही आली नाहीत."

ती कशी गेली ते तिनं सांगितलं. पहिल्यात बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी थंडीनं ताठरली होती. त्या कड्यांची झीज आधीच्या खेपांमध्येही दिसली होती. दुसऱ्यात उडताना टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून पंखाला लागला. तसे तुकडे आधीही सुटायचे. "दर वेळी यान सुखरूप परत यायचं. मग लोक म्हणायला लागले, आजवर काय झालंय? पण सुखरूप परत येणं म्हणजे धोका नाही, असं नसतं ना. दर वेळी नशीब साथ देत होतं, आणि लोक तो नियमच समजत होते."

माझ्या हातातली लसूण तशीच राहिली. मी आईकडे बघितलं, आई माझ्याकडे. लेकीला स्कूटरचं काही सांगितलेलं नव्हतं. ती तिच्या यानाबद्दलच बोलत होती. मला मात्र राहवलं नाही. "अण्णा, ऐकताय ना?" मी म्हटलं.

"बाहेरनं कोचिंग न्हाय करायचं," अण्णा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मग वादाची गाडी अंतराळस्थानकाकडे वळली. लेकीनं सांगितलं की वरचं ते मोठं स्थानक आता जुनं झालंय, मध्ये मध्ये हवा गळते, भेगा शोधून बुजवाव्या लागतात, आणि काही वर्षांत ते खाली आणून दूर समुद्रात पाडायचं ठरलंय. आपला देशही स्वतःचं छोटं स्थानक बांधायचं म्हणतोय.

अण्णांचा चेहरा उतरला. "माणसं ऱ्हात्यात तिथं अजून?"

"हो, राहतात. कामंही चालू आहेत."

"चालू असताना बुडवायची तारीख ठरवली?"

"आजोबा, जुनं झालंय ते."

आईनं गॅस बंद केला, फडक्यानं धरून कुकर खाली उतरवला आणि म्हणाली, "बाजू बदला."

वाफ जाईपर्यंत अण्णा पाणी प्यायले. मला वाटलं, ते आज दुसरा डाव सोडून देतील. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि पंचाच्या त्या जुन्या आवाजात, सावकाश बोलायला लागले.

"यानं बंद केली ते बरोबर केलं. का सांगतो. धोका पैला कुणाला कळतो? खाली बसून आकडे बघणाऱ्याला न्हाय. चालवणाऱ्याला. जमीन किती लांब हाय याचा अंदाज चुकाय लागला, की त्याला कळतं. समोरचं जवळ आल्यावर दिसाय लागलं, की त्याला कळतं. पण तो बोलत न्हाय. आरसा फुटला तर म्हणतो, आरसाच हलका हुता. कोपर सोललं तर म्हणतो, पावणं मधी आलं."

लेकीनं माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं.

"मधी कोण आलं नव्हतं," अण्णा म्हणाले. "पाय ब्रेकवरच हुता. दाबायचं सुचाय उशीर झाला. तर माझं म्हणणं असं, की चालवणारा स्वतःहून कधी थांबत न्हाय, कारण थांबला की तो घरी बसणार. त्याला खालच्यांनी थांबवाय पायजे. आनि खालची माणसं त्याला वाईट वाटंल म्हणून जेवण हुईस्तोवर वाट बघत बसत्यात."

त्यांनी सगळं ओळखलं होतं. मी चप्पल काढून आत आले तेव्हाच ओळखलं असणार. मला रडू आलं आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडले नाही.

"आता तू," अण्णा लेकीला म्हणाले.

"मी नाही बोलणार. आजोबा, तुम्ही जिंकलात."

"अंग चोरायचं न्हाय. यान पायजे म्हणून बोल."

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग बोलली. आधी अडखळत, मग नीट. "यानं बंद केली तेव्हा ती बनवणाऱ्या देशाकडे माणसं न्यायला दुसरं काही तयार नव्हतं. स्थानक त्यांनी बांधलं, पण कित्येक वर्षं त्यांना तिथं जायला दुसऱ्याच्या यानात जागा घ्यावी लागली. तो नेईल तेव्हा जायचं, तो आणेल तेव्हा यायचं. यान धोक्याचं होतं, मला मान्य आहे. पण बंद करणाऱ्यांनी फक्त बंद कसं करायचं त्याचा विचार केला. वर जायचंय त्या माणसानं दुसऱ्या दिवशी जायचं कसं, हे कुणी ठरवलं होतं? बंद करायचं असेल तर आधी त्याचं उत्तर द्या."

शेवटचं वाक्य ती आजोबांकडे बघून म्हणाली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली.

किल्ली कशी मागायची, नाही म्हणाले तर काय बोलायचं, डॉक्टरांचं नाव कधी काढायचं, याची सगळी तयारी मी करून आले होते. सोमवारी सकाळी अण्णा मैदानावर कसे जातील याचा विचार मी केलाच नव्हता. माझ्या लेखी स्कूटर बंद झाली की प्रश्न सुटला होता. त्यांच्या लेखी तिथून सगळं बंद व्हायला लागणार होतं, चहा, भाजी, पोरांना ओरडणं, सगळं.

रश्श्यावर तवंग आला. आईनं ताटं घेतली. बराच वेळ ती पळी हातात धरून उभी राहिली. ती निकालाला इतका वेळ कधीच घेत नाही. मग तिनं नळी अण्णांच्या ताटात वाढली.

अण्णांनी ताटाकडे बघितलं. "जिंकलो की," म्हणाले, आणि नळी ताटाच्या काठावर आपटून आतला गर काढायला लागले. मी त्यांना इतके वाद जिंकताना बघितलं होतं, पण जिंकल्यावर एवढं म्हातारं झालेलं कधी बघितलं नव्हतं. स्कूटरबद्दल मग कुणी एक शब्द काढला नाही, काढायची गरजच राहिली नव्हती. निघताना मी फक्त एवढंच म्हटलं की माझं कॉलेज उशिरा असतं आणि सकाळी मी मैदानावरून जाऊ शकते.

"मैदान तुझ्या वाटंत न्हाय," अण्णा म्हणाले.

"वाटेत आहे."

"व्हय? मग ये."

सोमवारी मी गेले तेव्हा ते कॉलर ताठ करून फाटकात उभे होते. माझी गाडी बिनगिअरची, ब्रेक हातात. तिच्याकडे त्यांनी असं बघितलं की त्या गाडीची मलाच लाज वाटली. मागे बसले, पण माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, पाठीमागची दांडी धरली. पहिल्या वळणाला त्यांचा उजवा गुडघा माझ्या कमरेला टेकला. मला वाटलं, नीट बसता येत नसेल. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा टेकला, सिग्नलजवळ पुन्हा. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मागे बसून त्यांचा पाय ब्रेक दाबत होता, नसलेला.

मैदानाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर गुडघा जोरात लागला. पुढच्याच क्षणी गल्लीतून एक रिक्षा आडवी आली. मी ब्रेक दाबला, गाडी थोडी घसरली आणि रिक्षापासून हातभरावर थांबली.

"तुलाबी उशीर झाला," मागून अण्णा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझा गुडघा लागला की दाबत जा."

आता मी तसंच करते.