घरच्या वाफ्यातली मेथी

बाळांनो, किडीनं कुरतडलेलं मेथीचं पान खिडकीशी धरलं, की त्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके तळहातावर उतरतात. किती नाजूक नक्षी! पण त्या दुपारी मला त्यात सौंदर्य दिसेना.

आपल्या शेवगावच्या घरात खाली राहणाऱ्या कॉलेजच्या सहा मुली माझ्याकडेच जेवतात. त्यांच्यासाठी मी गावाजवळ मळा कसणाऱ्या सिंधूकडून बिनफवारणीची भाजी रोज घ्यायला लागले होते. फवारणीच्या औषधाच्या वासानं सिंधूचा श्वास कोंडतो, म्हणून तिनं नवऱ्याला विनवून फवारणीविना एक हंगाम मागून घेतला होता. पण तीन दिवस भाजी ताटांतच राहिली, आणि तिच्या नवऱ्यानं बजावलं, आजही उरली तर उद्या सकाळी फवारणीचा पंप खांद्यावर घेणार.

मी शिस्तीची बाई! सेंद्रिय अन्नाचे सगळे गुण सुवाच्य अक्षरांत लिहून तक्ता भिंतीला लावला होता. तो वाचून एकीनं मला विचारलं, हे पथ्याचं जेवण आहे का? माहितीनं का कधी जीभ वळते? त्या वयात तर भूकही शेजारणीच्या ताटाकडे पाहून लागते.

त्या दुपारी भाकरीबरोबर कच्ची मेथी कांदा-तेलात कालवून केलेला घोळाणा होता. सिंधू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ताटं न्याहाळत होती. पहिल्या मुलीनं पान उचललं, भोकं पाहिली आणि ताट सरकवलं. बाकीचे हात थबकले.

तेव्हा मिरजगावकडची, एरवी अबोल असलेली वैष्णवी म्हणाली, "आमच्या घरी अशीच खात्यात. बाजारात इकायच्या मेथीला औषध मारत्यात. घरच्या दोन वाफ्यांना आई पंप लागू देत न्हाई."

"मंग आमी इकत घेतो ती?" ताट सरकवलेल्या मुलीनं विचारलं.

वैष्णवीनं मान खाली घातली. "ती बाजारची."

वैष्णवीनं घोळाण्याचं पातेलं पुढं ओढलं; मग एकेक हात त्यात गेला. थोड्या वेळानं सिंधू उठली आणि रिकामं पातेलं घासायला घेऊन गेली. दुसऱ्या सकाळी तिच्या घरचा पंप खुंटीलाच राहिला.

जेवणाच्या त्याच संध्याकाळी मी तक्ता उतरवला. एका आईनं आपल्या लेकरांसाठी राखलेल्या दोन वाफ्यांपुढं माझी सुवाच्य अक्षरं किती पोरकी! आणि मग आठवलं, तुमच्या बाबासाठी आपल्या मळ्यात मीही असेच दोन वाफे राखले होते. उरलेले, फवारलेले वाफे कुणाच्या लेकरांसाठी होते, हा प्रश्न मला इतकी वर्षं कसा पडला नाही?

आज पुन्हा एक पान खिडकीशी धरलं. उन्हाचे ठिपके तळहातावर तसेच उतरले. ते आपल्यापुरते राखायला मूठ मात्र मिटवेना.