मामाजींचा पाय

मी रक्तवाहिन्यांचा सर्जन झालो तेव्हा आणीबाणी चालू होती. मुंबईत शिकताना या विषयाचा मला फार अभिमान वाटायचा. पायातल्या बुजलेल्या धमन्या, फुगलेल्या निळ्या शिरा, वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमा, हे माझं क्षेत्र. सुट्टीत सानगडीजवळच्या आमच्या गावी गेलो आणि बाबांना हे सगळं नीट समजावून सांगितलं. बाबांनी ते चावडीवर एका वाक्यात सांगून टाकलं, "पोरगा नसांचा डाक्टर झाला."

त्या वर्षी 'नस' म्हटलं की लोकांना नसबंदीच आठवायची. साकोलीकडून सरकारी जीप येताना दिसली तरी पुरुषमाणसं जंगलात पळायची. आता जीपची गरजच उरली नाही. आमच्या घरावरून जाणारे लोक मागच्या वाटेनं जाऊ लागले.

माय म्हणाली, "तुह्या मामाचा पाय दुखून राहिला. पाहून ये."

मामाजी शेजारच्या गावी राहत. थोडं चाललं की त्यांच्या पोटऱ्या भरून येत, थांबावं लागे. मी बॅग घेऊन निघालो. त्यांनी मला लांबूनच पाहिलं आणि धानाच्या बांधावरून असे धावत सुटले की दिसेनासेच झाले. मामीनं चहा दिला. म्हणाली, "ते बाहेरगावी गेले."

पुढे आणीबाणी उठली, सरकार बदललं. मग मामाजी आपणहून नागपूरला माझ्या इस्पितळात आले. तोवर पायाचं एक बोट काळं पडलं होतं. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. तसे ते आधी वाकले, मग बसले. मी तपासायला पाय धरायला गेलो, तर त्यांनी तो झटकन ओढून घेतला.

"नोको बापू! भाच्यानं पायाले हात लावला तं मले पाप लागते."

"मग मी तपासू कसा, मामाजी?"

त्यांनी विचार करून खांद्यावरचा दुपट्टा काढून पायावर टाकला. मी दुपट्ट्यावरून नाडी शोधली. दुपट्टा नसता तरी ती सापडली नसती. विडीनं धमन्या पार बुजवल्या होत्या.

ऑपरेशन समजावलं. रक्तवाहिन्या आवळून धरणारी एक नस पोटाच्या मागे असते, ती कापायची.

"म्हंजे नसच कापतेस ना?"

"हो, पण ही वेगळी."

"मंग तवा लोक काय खोटं बोलत होते?"

मग ते स्वतःच हसले आणि म्हणाले, "काप बापा. आता चार लेकरं हायेत, मले कायचं भेव?"

बोट गेलं, पाऊल वाचलं. विडी सोडायची मी त्यांना शपथ घातली, आणि त्यांनी ती खरोखर पाळली. पावसाळ्यानंतर मी जखम पाहायला त्यांच्या घरी गेलो. मामाजी ओसरीत कात्री घेऊन तेंदूची पानं कापत बसले होते, आणि मामी त्यात तंबाखू भरून भराभर विड्या वळत होती.

"मी ओढत नाही, बापू," मामाजी अभिमानानं म्हणाले. "नुसत्या बनवतो."

मी जखम पाहिली. छान भरली होती.